कडप्प्याचा ओटा आणि अर्धी वाटी व्हिनेगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शनिवारच्या पुरवणीत व्हिनेगरच्या घरगुती उपयोगांवर अर्धं पान मजकूर आला होता. तो मी कापून फ्रिजवर चिकटवला होता. आता काढला आहे. का काढला, ते कळवण्यासाठी हे पत्र.

आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. मी मिरजेच्या एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे, आणि नव्या कारकुनाला असतो तेवढा उत्साह मलाही आहे. आमचा ओटा कडप्प्याचा, १९९४ साली घर बांधलं तेव्हाचा. शेगडीशेजारी तेलाचा आणि बोअरच्या पाण्याचा राप बसला होता. लेखात ओटा पुसायला व्हिनेगर सांगितलं होतं. मी म्हटलं, नुसतं पुसायचं कशाला, जरा मुरू दे. रात्री जेवणं उरकल्यावर अर्धी वाटी ओतलं, वर फडकं पसरलं आणि झोपलो. सकाळी फडकं उचललं तर खाली पोळपाटाएवढा राखाडी डाग. ओला केला की दिसेनासा होतो, वाळला की परत हजर. सौ.ने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "एकतीस वर्षं शाळेत काय करत होतात?"

प्रश्न रास्त होता. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकायचं, फसफसून वायू निघतो, तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग मी किती वर्गांना मांडून दिला याची गणती नाही. संगमरवर संपला की कुठल्या तरी बांधकामावरून शहाबादी फरशीचे तुकडे आणून हातोडीने फोडून द्यायचो. प्रयोग तितकाच छान व्हायचा. कारण शहाबादी काय, कडप्पा काय, कोटा काय, सगळे चुनखडीचेच दगड. म्हणजे जो प्रयोग मुलांना परीक्षानळीत दाखवला तोच मी स्वतःच्या ओट्यावर रात्रभर चालवला. तो डाग नाहीच मुळी. तिथलं पॉलिश आणि दगडाचा वरचा पापुद्रा आम्लाने खाल्लाय, मग घासून जाणार काय? फरशीवाला म्हणतो, मशीन लावून पुन्हा पॉलिश करावं लागेल. तोवर खोबरेल चोळतो. चार दिवस काळाभोर दिसतो, मग परत ये रे माझ्या मागल्या.

आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरी कडप्प्याचा ओटा आणि शहाबादी जमीन असेल, याचा विचार तो मजकूर छापताना व्हायला हवा होता.

गंमत अशी की ज्या कारणाने ओटा गेला त्याच कारणाने नळ चकचकीत झाले. तोटीवर बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या नात्याने तो कडप्प्याचा सख्खा भाऊ. आमचं बोअरचं पाणी जड. शॉवरची निम्मी भोकं बुजली होती, पाणी तिरकं भिंतीवर जायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन शॉवरला रबरबँडने बांधलं, तासाभराने काढून जुन्या टूथब्रशने घासलं. धार सरळ झाली. (रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा उतरू शकतो. रात्रभर ठेवण्याची हौस माझी फिटली आहे.) इलेक्ट्रिक केटलीत निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घालून उकळलं, वीस मिनिटं तसंच ठेवून ओतून दिलं, मग एकदा साधं पाणी उकळून तेही फेकलं. तळ नवा दिसू लागला. खिडक्यांच्या काचा आणि आरसा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसले. त्या कामी आपलाच अंक वापरला, राग नसावा.

त्याच लेखात तुंबलेल्या मोरीत खायचा सोडा आणि वर व्हिनेगर ओतायला सांगितलं होतं. फेस भरपूर येतो, नातवंडं खूश होतात. पण सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात. वायू उडून गेला की मागे उरतं पाणी आणि त्यात विरघळलेलं थोडं सोडियम ॲसिटेट. तेलकटपणाला सोडा वेगळा वापरावा, क्षाराला व्हिनेगर वेगळं. मोरीला कढत पाणी आणि रबरी पंप बरा.

याहून एक गोष्ट गंभीर, आणि तिचा लेखात उल्लेखच नव्हता. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आमच्या भागात घरोघरी ब्लीचिंग पावडर आली. उरलेली पुडी अजूनही अनेकांच्या बाथरूममध्ये पडून असते. तिच्यावर व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगशाळेत क्लोरीन करायची एक रीतच आहे ब्लीचिंग पावडरवर आम्ल टाकायची, आणि तेव्हा सर खिडक्या सताड उघडायला लावत. दार लावलेल्या बाथरूममध्ये हा प्रयोग कुणी करू नये. ब्लीचच्या बाटलीलाही हेच लागू.

बाटलीवर काय छापलंय तेही वाचावं. किराणा दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा 'सिंथेटिक' असतं, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. तसं बाटलीवर छापणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी सक्तीचं आहे, आणि आम्ल किमान ३.७५ टक्के असावं लागतं. मूळ ॲसिड मी वर्षानुवर्षं हाताळलंय. १६.६ अंशांखाली ते बर्फासारखं गोठतं. डिसेंबरात सकाळी कपाट उघडलं की बाटली दगड झालेली असायची. ती कोमट पाण्यात उभी करून ठेवणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. नळ धुवायला हे सिंथेटिक उत्तम, तिथे महागाचं ओतू नये. पनीरसाठी दूध फाडायलाही चालतं. दोन चमचे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात घालून लिटरभर उकळत्या दुधात थोडं थोडं सोडावं आणि दूध फाटलं की थांबावं, नाहीतर पनीर चामट होतं.

आता बाटलीबाहेरचं. मुलगी नोकरीसाठी म्हापशात राहते. तिच्या घरमालकीणबाई ख्रिश्चन. त्यांनी गेल्या खेपेला तिच्याबरोबर माडाचं व्हिनेगर पाठवलं. माडाची सूर आधी आंबते, तिची दारू होते, मग हवा लागून जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. वास आमच्या कपाटातल्या बाटलीसारखा नाकात घुसत नाही. मागे एक मऊ, फळासारखा दर्प रेंगाळतो. ते घालून केलेलं सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं झणझणीत कालवण) त्या बाई मुलीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतात, मुरल्याशिवाय नाही. आम्ही शाकाहारी, म्हणून कांदा, गाजर आणि हिरव्या मिरच्या त्या व्हिनेगरमध्ये घातल्या. मी नळ धुवायला बाटली उचलली असती तर सौ.ने मलाच धुतलं असतं.

हा कांदा मी आधी पितळी वाटीत काढून ठेवला होता, हा माझा दुसरा गुन्हा. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असायचं. व्हिनेगरही तसंच कळकतं. काच किंवा चिनी मातीची बरणीच घ्यावी. बिडाच्या तव्यालाही ते लावू नये, मुरवलेलं तेल जातं. सफरचंदाचं व्हिनेगर सकाळी नुसतं पिण्याबद्दल मी एवढंच म्हणेन की दातांचं वरचं आवरणही कॅल्शियमचंच असतं.

तेव्हा पुढच्या वेळी असे उपयोग छापाल तेव्हा कशाकशावर ओतू नये याची चौकट शेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. तिच्यात कडप्पा, शहाबादी, संगमरवर आणि ब्लीचिंग पावडर एवढं तरी हवंच.

पॉलिशवाला गुरुवारी येतो म्हणाला होता. तो गुरुवार उलटून गेला. डाग आहे तिथेच आहे, आणि सौ. हल्ली त्याच्यावर काहीही ठेवू देत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज