महिन्यात दहा किलोंचे आमिष

महोदय,

'महिन्यात १० किलो वजन घटवा' अशा जाहिराती रिक्षांच्या पाठीवर आणि लोकलच्या डब्यांत सर्रास दिसतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढीच घट सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते. उपासमार करून झपाट्याने उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर पाणी आणि स्नायूही जातात आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की काटा बहुधा पुन्हा वर चढतो. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक नि कोशिंबीर यांची सर महागड्या पावडरींना नाही. काटछाट हवी ती चहातल्या साखरेत आणि फरसाणात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडूच नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, पण पदपथ दुचाकींनी अडवलेले असताना चालायचे कुठे, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

– एक वाचक, ठाणे