सोयाबीन शेतात भरपूर, ताटात कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात घराघरांत सर्दी-ताप सुरू झाला की प्रतिकारशक्तीच्या काढ्यांना आणि पावडरींना ऊत येतो. आपल्या मराठवाडी ताटात कमी पडतात ती प्रथिनं. आजाराशी लढणारी प्रतिपिंडं शरीर प्रथिनांपासूनच बनवतं. ताटात भाकरी, ठेचा आणि पाणचट वरण असेल, तर वरून कितीही आलं-मिरी उकळून प्या, ही तूट भरत नाही. उलट उपाशीपोटी तिखट काढा घेऊन पित्त तेवढं वाढतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या 200 ग्रॅम पिठाच्या भाकरींतून साधारण 20 ग्रॅम मिळतात. 30 ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, 50 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून 11, मूठभर शेंगदाण्यांतून 7. इथवर बेरीज साडेचव्वेचाळीसवर, म्हणजे गरजेच्या जवळपास पोचते. यातली उसळ गाळली की हिशोब कोलमडतो, आणि रोजच्या घाईत नेमकी तीच गळते. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यं भरून काढतात. म्हणून भाकरीसोबत वरण घट्टच हवं.

लातूर, धाराशिव, नांदेडकडे शिवारच्या शिवार सोयाबीनचं. दाण्यात जवळपास 40 टक्के प्रथिनं, तरी सगळा माल आडतीवर जातो. घरी खाल्लं तर उग्र वास येतो, पोट फुगतं, अशी तक्रार असते. ती खरी आहे, पण दोष करण्याच्या पद्धतीचा. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, आणि थंड पाण्यात भिजवून वाटलं की वास सुटतो. म्हणून आधी तिप्पट पाण्याला खळखळून उकळी आणावी, मग निवडलेले दाणे त्यात सोडून 25 ते 30 मिनिटं उकळावेत. पाणी फेकून कडक उन्हात खणखणीत वाळवावेत, चोळून सालं पाखडावीत. 9 किलो ज्वारी किंवा गव्हाला 1 किलो एवढंच दळायला घालावं. जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरते. सोयाबीनमध्ये तेल असल्यामुळे पीठ लवकर खवट होतं, तेव्हा पंधरवड्यापुरतंच दळून आणावं. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं मात्र चुकूनही वापरू नये. त्यावर बुरशीनाशक असतं आणि ते धुऊन जात नाही.

दुसरी गळती चहाची. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं टॅनिन भाकरी-भाजीतलं लोह अडवतं. मध्ये किमान तासभर जाऊ द्यावा. पोराला सकाळी चहा-बटर देणं तर बंदच करावं. लिंबाचं काम उलटं, ते लोह शोषायला मदत करतं. पण उकळत्या उसळीत पिळलं तर क जीवनसत्त्व बरंचसं उष्णतेनं जातं, म्हणून ताटात वाढल्यावर पिळावं. हिवाळ्यात 100 ग्रॅमचा एक पेरू पुरे: त्यात सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 65 ते 80 मिलिग्रॅमची. महागड्या गोळीची गरज काय?

मटकीला मोड आणताना आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास बिघडतं. 8 तास भिजवल्यावर पाणी पूर्ण निथळलं नाही तर दाणे बुळबुळीत होऊन आंबट वास मारतात. दिवसातून दोनदा धुऊन पुन्हा निथळावेत, फडकं ओलसर असावं, गळतं नको. मोड दिसताच शिजवावेत. कच्चे मोड लहान मुलांना आणि गरोदर बायांना देऊ नयेत.

शालेय पोषण आहारात मटकी-हरभरा येतोच. जिल्हा परिषदांनी त्यासोबत दर मुलामागे अर्ध्या लिंबाची तरतूद करावी आणि ते पातेल्यात न पिळता वाढताना द्यावं, अशी सूचना आपल्या दैनिकामार्फत करत आहे.

आपला,
एक आहारतज्ज्ञ, लातूर