मामा, त्या चिठ्ठीबद्दल

प्रिय लॅबवाले मामा,
सा. न.

परवा तुमच्या चिठ्ठीबद्दल आभार मानायला आले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच संपवलात. माझ्या मनातून तो जात नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

रोहू, कटला, मृगळ, तिघांच्याही पेशीत 50 गुणसूत्रं. नुसती मोजून मासा ओळखता येत नाही, आणि हॅचरीत तर यांचे संकरही होतात. म्हणून मी त्यांच्या गुणसूत्रांवर पुन्हापुन्हा येणारा डीएनए कुठे दाटलाय ते बघते. आधी जिएम्सा (गुणसूत्रं रंगवायचा रंग) लावून फोटो, मग रंग उतरवून त्याच स्लाइडवर बेरियम हायड्रॉक्साइड वापरून सी-बँडिंग, म्हणजे तो दाटलेला डीएनए गडद पट्ट्यांत दाखवायचा, आणि पुन्हा नेमकी तीच पेशी शोधायची. डोळे फुटायची वेळ येते.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे गेले होते, तिथे महिनोन्‌महिने ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ ऐकलं. शेवटी ‘माशांची गुणसूत्रं बारीकच असतात, नाद सोडा’ म्हणून स्लाइड परत दिल्या, त्याही एकमेकींना चिकटलेल्या. तो राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही? त्या संध्याकाळी मी शेवटच्या एसटीसाठी निघाले, तुम्ही मायक्रोस्कोपपाशीच बसून राहिलात. सकाळी स्लाइडच्या डबीत घडी घातलेली चिठ्ठी. प्रत्येक चांगल्या पेशीसाठी स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या पट्टीच्या) व्हर्नियरवरचे, म्हणजे बारीक मोजपट्टीवरचे, दोन आकडे, आडवा आणि उभा. शेजारी पेन्सिलीने ‘छान पसरलीय’, ‘दोन एकमेकांवर चढलीत’. खाली, ‘याच मायक्रोस्कोपवर बघ, दुसऱ्यावर आकडे जुळणार नाहीत.’

बँडिंग झाल्यावर आकडे लावले आणि तीच पेशी समोर आली, सेंट्रोमिअरपाशी (गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेपाशी) गडद पट्ट्यांसकट. मी खुर्चीत बसून रडले, मामा.

चिठ्ठी लिहा असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शोधनिबंधात नाव येणार नव्हतं, जादा पगार मिळणार नव्हता. परक्या पोरीची मेहनत वाया जाऊ नये, एवढंच तुम्हाला वाटलं. मोठ्या खुर्च्यांवर अशी माणसं हवीत. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक कॉलेजात आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता सिल्व्हर स्टेनिंग, म्हणजे चांदीच्या क्षाराने रंगवणं, सुरू करतेय. त्यात पेशी विभाजनाआधी काम करत असलेलीच रायबोसोमची (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांची) जनुकं दिसतात. गप्प बसलेली बघायला ‘फिश’ (FISH; मासा नव्हे, तपासणीची पद्धत) चा प्रोब, म्हणजे नेमक्या जनुकाला चिकटणारा चमकता डीएनएचा तुकडा, लागेल. त्या स्लाइड घेऊन पुढच्या आठवड्यात येते.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या खालोखाल तुमचं नाव लिहिलंय. ‘काढ ते’ म्हणाल, पण मी काढणार नाही.

तुमची,
माशांवाली