पोरीच्या नावाचं

प्रिय पक्या,

अभिनंदन रे लेका! नुसता पेढ्यांचा फोटो पाठवून भागवतोस होय? वहिनी आणि पोरगी बऱ्या आहेत ना? तुझ्या झोपेचं विचारत नाही.

आकाशातलं नाव सुचव म्हणालास आणि वर नेटवरची यादी पाठवलीस, ती वाचून हसलो, त्या लोकांना कुठल्याही नावाचा अर्थ 'चमकणारा तारा' एवढाच सापडतो. माझी एकच अट, पोरगी जरा कळती झाली की तिला गच्चीत नेऊन बोट दाखवता आलं पाहिजे, ती बघ, ती तू.

या अटीत स्वाती एकदम पास. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की केशरी रंगाची दिसते ती, ठाण्याच्या उजेडातसुद्धा, आणि ३७ प्रकाशवर्षांवर आहे म्हणजे आज दिसतो तो प्रकाश निघाला तेव्हा आपण चड्डीत फिरत होतो. पण आपल्या वर्गातच तीन स्वाती होत्या, नको. अरुंधती मला फार आवडतं, वसिष्ठाला चिकटून असलेली बारीकशी चांदणी, तुझ्या लग्नात भटजींनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट करून दाखवली होती तीच. बिभा पण छान आहे, एका ताऱ्याला २०१९ मध्ये भारताकडून अधिकृतपणे दिलेलं नाव, बिभा चौधरी या फिजिसिस्टवरून, पण तो तारा दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

आता तुझी आई म्हणते पत्रिकेत 'दे' आलंय. येणारच, कोजागरीच्या आसपासचा जन्म म्हणजे चंद्र रेवतीजवळ, आणि रेवतीचं पहिलं चरण 'दे'. मग सरळ देवयानी ठेव ना! आपल्याकडे अँड्रोमेडा या तारकासमूहाला देवयानीच म्हणतात, तिच्यातली ती दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, साध्या डोळ्यांनी आपण सहज बघू शकतो त्यातली सगळ्यात लांबची वस्तू. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर नव्हतीच रे.

खरं सांगायचं तर माझ्या अटीत ती नापास, ठाण्याच्या गच्चीवरून काही दिसणार नाही. वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी नाहीतर तुझ्या गावी जावं लागेल, दिवाळीच्या अमावस्येला रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून बरंच वर बघायचं, शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम सापडला की त्याचं जास्त टोकदार टोक जिकडे रोखलंय तिकडे एक पुसट धुरकट ठिपका, तोच. थोडी तिरकी नजर ठेवलीस तर जास्त नीट दिसतो.

काकू म्हणतील देवयानीचा संसार धड झाला नाही, शर्मिष्ठेने विहिरीत ढकललं, ययातीने काढलं, पुढे सगळंच त्रांगडं. त्यांना सांग की ते तिघंही वर शेजारी शेजारीच आहेत अजून. आणि रोहिणीचं तरी काय, तिच्यावरून बाकीच्या सव्वीस जणी रुसल्या आणि चंद्राला क्षय झाला, तरी लोक नाव ठेवतातच की! वहिनींना मात्र आधी विचार, नऊ महिने त्यांनी काढलेत, तू आणि मी नाही.

बारसं वसुबारसेच्या आसपास येतंय म्हणजे मला सुट्टी आहे, येतोच, घुगऱ्या जरा जास्त करायला सांग. आणि ताईला नाव आधीच कागदावर लिहून दे, तिने कानात कुर्र करून दिव्यानी म्हटलं तर महापालिकेच्या दाखल्यावर पण तेच जाईल.

तुझा,
सुन्या