शेतकरी दाखल्याच्या निमित्ताने

इंदूर,
दि. 14 डिसेंबर 2025

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून मी ‘बघतो’ एवढेच म्हणून विषय टाळला. मुळशीकडची जमीन तुम्ही तिघी मैत्रिणी मिळून घेणार. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. तेव्हा देपालपूरच्या आपल्या चौदा बिघ्यांवर तुझे नाव चढवून खसरा (म्हणजे इकडचा सातबारा) आणि पावती (जमिनीची पुस्तिका) पाठवली की काम होईल, असे तुझ्या एजंटचे म्हणणे. वर ‘बाबा, आपण शेतकरीच आहोत ना!’ असे तू हसत म्हणालीस. त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. ते आता सवडीने लिहितो आहे.

ती जमीन तुझ्या आजोबांनी घेतली, माझ्या नावावर झाली, आणि गेली बावीस वर्षे ती दाजी कसत आहेत. (मराठीत दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, इकडे माळव्यात वडीलधाऱ्या माणसाला दाजी म्हणतात, हे तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांगावे लागेल.) व्यवहार अर्धेलीचा आहे : जमीन माझी, बी-खताचा खर्च अर्धा-अर्धा, मेहनत सगळी त्यांची आणि पीक निम्मे-निम्मे. कागद कसलाही नाही. मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि या काळात वखराला एकदाही हात लावला नाही. तरीही सरकारदरबारी शेतकरी मी आहे आणि दाजी कोणीही नाहीत.

ते काय करतात, हे तू लहानपणी पाहिले आहेस, पण तेव्हा तुझे लक्ष कैऱ्यांकडे असे. मे महिन्याच्या अखेरीस ते घरच्या सोयाबीनमधले शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतात, त्याची गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि रोज त्यावर पाणी शिंपडतात. पाच-सहा दिवसांनी ती उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरायचे. कमी उगवले तर बिघ्यामागे बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी असेल तर ते तेलाला विकून दुसरे आणायचे. सोयाबीनच्या दाण्याचे साल इतके नाजूक असते की मळणीयंत्र जरा जोरात फिरले किंवा पोते उंचावरून आपटले, तरी त्याची उगवण जाते. म्हणून बियाण्याची पोती दाजी कोणाला फेकू देत नाहीत आणि एकावर एक फार रचूही देत नाहीत. मग जूनमध्ये चार इंच पाऊस झाल्याखेरीज पेरणी नाही. शेजारचे पेरून मोकळे झाले तरी हे कुदळीने माती उकरून ओल किती खाली गेली ते बघत बसतात, आणि मी इंदूरहून फोन करून ‘अजून पेरले नाही का?’ असे विचारून त्यांना उगीच त्रास देतो.

या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही, एवढ्यावरून ते ज्ञान नव्हे असे आपण शहरी माणसे धरून चालतो. तुझ्या शाळेची बस ज्या कृषी महाविद्यालयावरून जात असे, तिथे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ काम करत होते. शेतातला पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. सरकारने ज्यांना शेती शिकवायला त्यांना पाठवले होते, त्या इथल्या शेतकऱ्यांनाच हॉवर्ड आपले प्राध्यापक मानत. आपल्या गावाचे नाव जगाच्या शेतीशास्त्रात आहे ते यामुळे, आणि सराफ्यातल्या खाण्याचा अभिमान सांगणाऱ्या इंदूरकरांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असते.

ऑक्टोबरात मी मुद्दाम दाजींच्या ट्रॉलीबरोबर मंडीत गेलो. पहाटे रांग लावली, अकराच्या सुमारास बोली लावणारे आपल्या ट्रॉलीपाशी आले. एका व्यापाऱ्याने कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर दाणे काढले, दोन दाताखाली फोडून पाहिले, ‘नमी है’ (ओल आहे) म्हणाला आणि उरलेले ट्रॉलीत टाकून दिले. बोली चार हजारांच्या आसपास अडली. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. सगळा प्रकार मिनिटभरात उरकला, आणि दाजी त्या व्यापाऱ्याकडे बघतही नव्हते. ते ट्रॉलीच्या फळीवर सांडलेले दाणे बोटांनी गोळा करून परत आत टाकत होते.

हमीभाव आणि मंडीचा सरासरी दर यांतला फरक सरकार भावांतर योजनेत देते. 2017 मध्ये ती प्रथम आली आणि यंदा सोयाबीनसाठी पुन्हा आणली आहे. परंतु नोंदणी करायची तर खसरा लागतो आणि खसऱ्यावर नाव माझे, म्हणून फरकाची रक्कम येणार ती माझ्या खात्यात. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 रुपयेही जमिनीच्या मालकालाच मिळतात. माझे पेन्शन असल्यामुळे मी त्यात बसत नाही आणि जमीन नसल्यामुळे दाजी बसत नाहीत, तेव्हा आमच्या चौदा बिघ्यांपुरता तो प्रश्न मिटला आहे!

आता जे लिहितो ते तुझ्या आईखेरीज कोणाला माहीत नाही. 2019 च्या पावसाळ्यात माळव्यात अतोनात पाऊस झाला, हे तुला आठवत असेल. शेंगा भरण्याच्या वेळी शेतात पाणी साचले, आपले निम्म्याहून अधिक सोयाबीन उभ्यानेच कुजले. पुढे नुकसानभरपाईची रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. मी तो संदेश पाहिला, उद्या दाजींना कळवू असे ठरवले आणि कळवले नाही. वाईट हेतू होता असे नाही, पण विसरलो असेही म्हणता येणार नाही. रक्कम आपल्या खात्यात आहे म्हणजे ती आपलीच, ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की वेगळा हेतू लागतच नाही. पाच महिन्यांनी पासबुक भरून आणताना तुझ्या आईच्या लक्षात आले आणि तिने विचारले, ‘‘कुजले ते कोणाचे?’’ दुसऱ्या दिवशी मी जाऊन सगळी रक्कम देऊन आलो. दाजींनी मोजून निम्मी ठेवली आणि निम्मी मला परत केली, कारण व्यवहार अर्धेलीचा होता. इतरांच्या खात्यांत पैसे आल्याचे त्यांच्या कानावर गेलेच असणार, तरी पाच महिन्यांत त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

बँकेतही मी याहून वेगळा वागलो नाही. बटाईदाराला, म्हणजे दाजींसारख्या वाट्याने कसणाऱ्याला, पीककर्ज देण्याची वाट नियमांत होती, तोंडी करारावर कसणाऱ्यांनाही किसान क्रेडिट कार्ड देता येते. पण समोर बसलेल्या माणसाला ‘पावती आणली का?’ असे विचारणे सोपे असे, आणि नाही म्हणाला की तो सावकाराकडे जातो हे मला ठाऊक असे.

लेखी करार आपण का केला नाही, असे तू विचारशील. सांगलीकडच्या आपल्या चुलत घराण्याची जमीन कूळकायद्यात गेली. 1 एप्रिल 1957 ही तारीख तुझे आजोबा एखाद्याच्या पुण्यतिथीसारखी काढत. कसणाऱ्याचे नाव कागदावर आले की जमीन गेली, ही धास्ती घेऊनच ते इंदुरात राहिले आणि जाताना ती मला देऊन गेले. त्या कायद्याने कितीतरी कसणारे मालक झाले, ही बाजू आमच्या घरात कोणी कधी बोलले नाही. आता मध्य प्रदेशात 2016 चा कायदा आहे. त्यात भूमिस्वामी आणि बटाईदार यांना पाच वर्षांपर्यंतचा लेखी करार करता येतो, त्याने मालकी जात नाही आणि नुकसानभरपाईत बटाईदाराला आपला वाटा कागदावर मागता येतो. कायद्याला नऊ वर्षे झाली. आजूबाजूच्या गावांत असा करार केलेला मालक मला अजून भेटलेला नाही, आणि त्या न केलेल्यांत मीही आहे.

स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या कामानंतर 2007 मध्ये जे राष्ट्रीय शेतकरी धोरण आले, त्यात शेतकरी या शब्दात बटाईदार, कूळ, शेतमजूर, पशुपालक, मासेमार असे सगळे धरले आहेत. म्हणजे दाजी शेतकरी आहेत. आणि जुलैच्या चिखलात वाकून निंदणी करणाऱ्या, गोणपाटातले कोंब मोजणाऱ्या आणि घरातले बियाणे घुशींपासून राखणाऱ्या त्यांच्या घरच्या काकीही शेतकरी आहेत, ज्यांचे नाव खसऱ्यावर तर नाहीच, पण दाजींच्या हिशेबाच्या वहीतही नाही. तलाठ्याच्या दप्तरापर्यंत ही व्याख्या पोचलेली नाही.

तेव्हा मी असे ठरवले आहे. जमिनीवर तुझे नाव चढवायला माझी हरकत नाही, तो तुझा हक्कच आहे. परंतु त्याआधी दाजींशी पाच वर्षांचा करार होईल. त्यात काकींचे नाव घालावे असे तुझी आई म्हणते, आणि वकिलांना त्यात अडचण दिसत नाही. उद्या मालकीण तू होणार असल्याने तो मसुदा तू वाचून तुझे म्हणणे आधी कळव.

मुळशीच्या जमिनीबद्दल एवढेच विचारतो : तिथे सध्या भात कोण लावतो? सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कोणाची नोंद आहे का, हे एजंटला न विचारता स्वतः उतारा काढून बघ, आणि शक्य झाले तर सकाळच्या वेळी जाऊन बांधावर जो भेटेल त्याच्याशी बोल.

गव्हाला पहिले पाणी देऊन झाले. शेतीची वीज रात्रीची आहे, त्यामुळे दाजी दोन रात्री मोटारीपाशी बसून होते आणि आता खोकत आहेत. संक्रांतीला येशील तेव्हा त्यांच्यासाठी एक चांगली विजेरी आण. इथली दर वर्षी बिघडते. हरभऱ्याला घाटे तोवर धरलेले असतील.

तुझा,
बाबा