दादाच्या फौंड्रीतल्या नोकरीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, विजेच्या गाड्या आल्या की दादाची शिरोलीची फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, बंद पडणार का, असं तुम्ही विचारलंत. फौंड्री अशी एका फटक्यात बंद पडत नाही, एकेका खात्यातलं काम आटत जातं. दादाचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कशावर बसतं, हे आधी बघायला हवं.

विजेवर पहिल्यांदा गेल्या त्या रिक्षा आणि दुचाक्या. दुचाकीचं इंजिन तसंही बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भट्टीशी त्याचा संबंध थोडाच. ट्रॅक्टर आणि लांब पल्ल्याचा ट्रक डिझेल इतक्यात सोडत नाहीत. धोका आहे तो कारच्या इंजिनाचे ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील असे भाग ओतणाऱ्यांना. ब्रेक डिस्क विजेच्या गाडीलाही लागते, फक्त वेग कमी करायला मोटरच मदत करते म्हणून डिस्क सावकाश झिजते आणि बदलीचा माल कमी खपतो.

खरा फटका कोअर शॉपला, म्हणजे साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या खात्याला आहे, आणि दादा नेमका तिथेच. ब्लॉकमध्ये पाणी खेळायला पोकळ्या हव्यात, त्यासाठी वाळूचे ते नाजूक जॅकेट कोअर. कोअर ओला राहिला तर गॅस धरून धातूत भोकं (ब्लोहोल) पडतात, साच्यात जरा सरकला तर भिंत एका बाजूने पातळ होते आणि गळतीच्या चाचणीत जॉब बाद. हात बसायला वर्षं जातात. विजेच्या मोटरच्या आवरणालाही पाण्याच्या वाटा असतात, पण ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं आणि बरंचसं पोलादी डायमध्ये (कायमच्या साच्यात), मशीनवर होतं. तिथे माणसं कमी लागतात.

‘ओतकाम ते ओतकाम, तिकडे जाईन’ असं दादा म्हणत असेल तर त्याला एवढं सांगा. बीड 1400 अंशांच्या आसपास ओततात, ते केशरी-पिवळं झळकतं. अ‍ॅल्युमिनियम 700 च्या आसपास ओततात आणि ते चांदीसारखंच दिसतं. तापलंय हे डोळ्याला कळत नाही, म्हणून बिडाची सवय असलेला माणूस तिथे भाजण्याची भीती जास्त. उगाच जास्त तापवलं तर रस हायड्रोजन शोषतो आणि थिजताना आत बारीक भोकं राहतात. कोटिंग न दिलेला लोखंडी झारा बुडवला तर लोखंड रसात उतरतं.

त्यापेक्षा त्याने आहे त्याच कंपनीत मेल्टिंग (धातू वितळवण्याचं खातं) किंवा एसजी आयर्नकडे (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते मजबूत बीड) बदली मागावी, असं मला वाटतं. एसजीत मॅग्नेशियम साधारण 0.04 टक्के उरायला हवं. प्रक्रिया झाल्यावर दहाएक मिनिटांत ओतलं नाही तर त्याचा असर उतरतो, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि ताकद जाते. हे सांभाळणारा आणि स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट वाचून चार्ज (भट्टीत टाकायचा माल) दुरुस्त करणारा माणूस, गाडी डिझेलवर चालो की विजेवर, लागतोच. इंडक्शन (विजेच्या) भट्टीत ओलं भंगार टाकलं तर वाफेने रस उसळतो, एवढं मात्र त्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

आता कागदांचं. खातं बंद होताना ‘राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो’ असं सांगितलं जातं. त्यावर सही करू नये. कंपनीने कपात केली तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. राजीनामा दिला की ही भरपाई गेली. दादा मध्ये काही काळ कंत्राटदाराकडे होता. कंत्राटदार बदलला की जुनी नोकरी सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून त्या काळातल्या पगारपावत्या आणि पीएफचं पासबुक शोधून ठेवा.

आई, त्याच्या खोकल्याला नुसता काढा पुरणार नाही. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, वेळीच कळला तर धूळ टाळता येते एवढंच. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढताना ‘फौंड्रीत, कोअर शॉपला’ हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांग. व्यवसायजन्य आजाराचा दावा करायची वेळ आली तर तेच कामी येतं. एक्स-रे आणि पावत्यांचे फोटो मला पाठवा.

तुमची,
ताई