काचेचा डोळा कशात बसवावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत काचेच्या कपाटांतून जपलेले प्राणी-पक्ष्यांचे टॅक्सिडर्मी नमुने (मृत प्राण्याचे कातडे साच्यावर चढवून जिवंतासारखे उभे केलेले) आहेत आणि अधूनमधून त्यांची दुरुस्ती निघते. मी पाहिलेल्या बहुतेक दुरुस्त्यांमध्ये हे काम रंगकाम आणि सुतारकाम यांच्याबरोबर एकाच कंत्राटात गेले. त्यातला सर्वांत नाजूक भाग डोळ्यांचा, आणि नेमका तोच हाताशी असेल त्या पदार्थाने उरकला जातो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून अनेक वर्षे हे नमुने हाताळल्यामुळे या एका विषयावर सविस्तर लिहिण्याची परवानगी मागते.

आपल्याकडे अजून ‘पेंढा भरलेला वाघ’ असे म्हणतात. परंतु आजच्या पद्धतीत पेंढा नसतो. फोमच्या किंवा अन्य हलक्या साच्यावर कमावलेले कातडे चढवतात, साच्यातील खोबणीत काचेचा डोळा ठेवतात आणि पापण्यांची कड त्या डोळ्याभोवती हाताने बसवतात. कातडे वाळताना आक्रसते आणि पापणी मागे ओढली जाते. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस रोज टाचणी आणि ओलसर कुंचला घेऊन पापणीची कड पुन्हा जागेवर आणावी लागते. डोळ्यामागचा पदार्थ या काळात मऊ राहिला तरच हे शक्य होते.

एका महाविद्यालयातील भेकराचा (लहान जातीच्या हरणाचा) डोळा पावसाळ्यात सैल झाला होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने नळाची गळती थांबवण्यासाठी वापरतात ती दोन भागांची एपॉक्सी लगदी खोबणीत दाबून भरली. मे महिन्याच्या उष्म्यात ती इतक्या लवकर आवळली, की दोन्ही डोळ्यांची दिशा समोरून ताडून पाहण्याआधीच डावा डोळा कायमचा वर बघू लागला. दोन पावसाळ्यांनंतर बाहेरच्या कोपऱ्याला पापणी चिरली. कारण साधे आहे: कातडे हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या दिवसांत आक्रसते, एपॉक्सी मात्र तसूभर हलत नाही, आणि सगळा ताण पापणीच्या पातळ कडेवर येतो. ती लगदी काढताना ड्रिल लावावे लागले आणि काचेचा जुना डोळा तडकला. काचेच्या डोळ्यांसाठी जर्मनीतील लाउशा हे गाव एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. पण जुन्या डोळ्याची नेमकी छटा आणि वक्रता आज कोणत्याही यादीत मिळेलच असे नाही. भेकराची बाहुली आडवी असते. त्याला पुढे गोल बाहुलीचा तपकिरी डोळा बसवण्यात आला आणि तो नमुना विद्यार्थ्यांना चुकीची शरीररचना दाखवत राहिला, याचे मला आजही वाईट वाटते.

ड्रिलचा प्रश्न तडकलेल्या काचेवर संपत नाही. जुन्या काळी कातडे कीड लागण्यापासून वाचवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण आतून चोळण्याची रीत होती आणि ती विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिली. अशा नमुन्याच्या डोळ्याभोवती ड्रिल चालवले, की ती धूळ थेट काम करणाऱ्याच्या श्वासात जाते. याउलट, पाण्यात मळलेल्या मातीत बसवलेला डोळा पापणीवर ओलसर कापूस ठेवून, माती हळूहळू भिजवून, हातमोजे आणि योग्य मास्क वापरून धुळीविना सोडवता येतो. पदार्थ निवडताना पुढे तो काढणाऱ्या माणसाचाही विचार केला पाहिजे.

प्लास्टर ऑफ पॅरिसही मी याच कामात पाहिले आहे, आणि मुंबईसाठी ते अजिबात योग्य नाही. ते मिनिटांत आवळते, आवळताना गरम होते आणि नंतर दमट हवेत ओलावा धरून ठेवते. पक्ष्यांच्या जुन्या डोळ्यांना मागे लोखंडी तार असते. त्या ओलाव्याने आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने ती गंजते आणि गंजाचा तपकिरी डाग पापणीपर्यंत उतरतो. तेलमिश्रित मॉडेलिंग माती कधीच वाळत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. पण तिच्यातले तेल कातड्यात झिरपते, डोळ्याभोवतीचे केस काळवंडतात आणि त्यावर धूळ चिकटते. मेण उन्हाळ्यात नरम पडते. आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते, त्यामुळे तारेच्या जवळ तेही नको.

मग वापरावे काय? नव्या सस्तन प्राण्याच्या नमुन्यासाठी माझे मत पाण्यात मळलेल्या बारीक मातीच्या बाजूने आहे, आणि ती मिळवायला आपल्याला दूर जावे लागत नाही. पेणच्या किंवा लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत मिळणारी शाडू माती गाळून, दगड-कचरा काढून वापरावी. ती एकटी वाळली तर भेगाळते, म्हणून तिच्यात कागदाचा बारीक लगदा आणि बुरशी रोखण्यासाठी थोडा टाकणखार मिसळावा. कणकेची खळ मात्र टाळावी. मुंबईच्या पावसाळ्यात ती बुरशीला आणि किड्यांना आमंत्रण असते. या मातीचा मोठा गुण असा, की ती कातड्याच्या जोडीने हळूहळू वाळते. एक डोळा बसवून, चार पावले मागे जाऊन, दुसरा त्याच्याशी जुळवायला ती पुरेसा वेळ देते. शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मूर्तीसमोर किती वेळ नुसता उभा राहून पाहतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सवडीचे मोल वेगळे सांगायला नको.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. अनेक काचेच्या डोळ्यांचा रंग मागच्या बाजूने हाताने दिलेला असतो आणि ओल्या मातीने तो सुटू शकतो. त्यासाठी मागे रोगणाचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळवावा. परंतु आधी एका कडेला कापसाच्या बोळ्याने तपासून घ्यावे, कारण कधीकधी रोगणातील द्रावकच तो रंग उचलतो.

जुन्या नमुन्याची गोष्ट निराळी आहे. तिथे ओली माती भरपूर वापरली तर कोरडे कातडे वेडेवाकडे आक्रसेल. सैल डोळा धरून ठेवण्यासाठी जपानी टिश्यू कागदाचा बोळा आणि पॅरालॉइड बी-72 यांसारखी, ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारी राळ पुरेशी होते. ही राळ सुमारे 40 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, म्हणून पश्चिमेच्या खिडकीशी असलेले कपाट तिच्यासाठी हलवावे लागेल. एपॉक्सीला माझा सरसकट विरोध नाही. माशाला पापणी नसते, त्यामुळे तिथे ती चांगले काम देते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्रामुळे हे कौशल्य मुंबईतच उपलब्ध आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 पासून आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय 1922 पासून याच दमट शहरात प्राण्यांचे नमुने सांभाळत आले आहेत. महाविद्यालयांनी कंत्राट देण्यापूर्वी तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित प्राण्यांच्या नमुन्यांबाबत वनखात्याशी पत्रव्यवहार करावाच लागतो. त्याच वेळी हेही विचारता येईल.

माझी विनंती मर्यादित आहे. नमुन्यांची दुरुस्ती रंगकामाच्या निविदेतून वेगळी काढावी, डोळे बसवण्याचा पदार्थ त्यात नावानिशी लिहावा, आणि काम झाल्यावर नमुना ज्यावर उभा असतो त्या बैठकीच्या खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी: कोणता पदार्थ वापरला, कोणत्या साली, आणि तो कशाने सुटतो. पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्याला ती हत्यार उचलण्याआधी वाचता आली पाहिजे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
दादर, मुंबई